रेषेचा चढ आणि सवलतीचा कडा

दहावीच्या भूमितीच्या पाठ्यपुस्तकात निर्देशक भूमितीच्या प्रकरणात 'रेषेचा चढ' या शीर्षकाखाली काही पाने येतात. परीक्षेच्या दृष्टीने हा भाग सोपा आणि हमखास गुण मिळवून देणारा मानला जातो. दोन बिंदूंचे निर्देशक दिलेले असतात. दुसऱ्या 'य'मधून पहिला 'य' वजा करायचा, दुसऱ्या 'क्ष'मधून पहिला 'क्ष' वजा करायचा, पहिल्या वजाबाकीला दुसरीने भागायचे आणि उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या, की प्रकरण आटोपले. पुढे हाच विद्यार्थी महाविद्यालयात येतो आणि अर्थशास्त्राच्या पहिल्याच पाठात मागणीच्या रेषेशी त्याची गाठ पडते. तेथे त्याला रेषेचा चढ विचारला, तर आकडा तो बिनचूक सांगतो. मात्र 'या आकड्याचा अर्थ काय?' असे विचारले की वर्गात शांतता पसरते. वीस वर्षांच्या अध्यापनात प्रस्तुत लेखकाने ही शांतता दरवर्षी अनुभवली आहे.

नवल असे की, ही शांतता डहाणू-तलासरीच्या वर्गात पसरते. ज्या मुलांच्या पायांना रोजची चढण ठाऊक आहे, ज्यांच्या आया डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन टेकडी उतरतात, ज्यांच्या घरी भाताचे खाचर एकीकडे आणि नाचणी-वरईची वरकस जमीन दुसरीकडे अशी शेतीची विभागणीच मुळी उतारावरून झालेली आहे, त्या मुलांना चढ म्हणजे काय हे कळू नये, हा दोष मुलांचा नव्हे. पायाला जे कळलेले आहे ते आणि फळ्यावर जे लिहिलेले आहे ते एकच आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, एवढाच याचा अर्थ. आणि हे न सांगितल्याने केवळ दोनचार गुणांचे नुकसान होते असे नाही. आपल्यावर होणारे अन्याय मोजण्याचे एक साधे व धारदार साधन माणसाच्या हातात येता येता राहून जाते, हे त्याहून मोठे नुकसान होय.

खाचर आणि वरकस

चढ म्हणजे आडवे अंतर कापताना उंचीत झालेला बदल. एखाद्या वरकस तुकड्यावर खालच्या बांधापासून आडवे वीस फूट अंतरावर जमिनीची उंची पाच फूट आहे आणि ऐंशी फूट अंतरावर ती चौदा फूट आहे असे समजा. उंचीतला फरक नऊ फूट, आडव्या अंतरातला फरक साठ फूट. नवाला साठाने भागले की ०.१५ हे उत्तर येते. म्हणजे प्रत्येक शंभर फूट आडवे गेले की जमीन पंधरा फूट वर चढते. बिंदू उलट क्रमाने घेतले तर उणे नऊ भागिले उणे साठ, म्हणजे पुन्हा ०.१५ हेच उत्तर. अट एवढीच की, वर ज्या क्रमाने वजाबाकी केली त्याच क्रमाने ती खालीही केली पाहिजे. वर जाणाऱ्याला जो चढ तोच खाली येणाऱ्याला उतार वाटतो. गणित मात्र नेहमी डावीकडून उजवीकडे चालते. त्या दिशेने रेषा वर जात असेल तर चढ धन, खाली जात असेल तर ऋण.

या ०.१५ चे मोल कळण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपण ज्या ठाणे जिल्ह्यात होतो, त्याच जिल्ह्यातील कसाऱ्यावरून रेल्वे थळ घाट चढते. या घाटाचा चढ 'सदतिसात एक' असा सांगितला जातो. म्हणजे ३७ फूट लोहमार्गामागे केवळ एक फूट चढ, दशांशात सुमारे ०.०२७. एवढ्या चढासाठी गाडीच्या मागे जादा इंजिने लावावी लागतात. त्याच्या पाचपटींहून अधिक चढ आमच्या गावची बाई डोक्यावर भार घेऊन चढत असते.

भाताचे खाचर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पाणी सर्वत्र सारखे उभे राहावे म्हणून शेतकरी बांध घालून जमीन समतल करतो, म्हणजे तिचा चढ शून्य करतो. वरकस जमिनीवर त्याला हे शक्य नसते. तेथे पावसाचे पाणी वेगाने धावते आणि माती घेऊन जाते. जलशास्त्र असे सांगते की, बाकी परिस्थिती तीच असताना उतार चौपट झाला तर पाण्याचा वेग दुप्पट होतो. समतल चर खणताना ए अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट आणि तिच्या मधोमध सोडलेला ओळंबा एवढ्या साधनाने समान उंचीचे बिंदू शोधता येतात. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून हेच काम करतो. दहावीच्या वर्गाला एका दुपारी शाळेमागच्या टेकडीवर नेऊन हे करून दाखवले, तर सूत्र पाठ करून घेण्याची गरज उरणार नाही.

दोन टोकेही येथेच सांगून टाकू. आडव्या रेषेचा चढ शून्य. रेषा पंचेचाळीस अंशांत कलली की चढ एक, म्हणजेच शंभर टक्के. शंभर टक्के चढ म्हणजे उभा कडा, हा समज चुकीचा आहे. उभ्या रेषेवर आडवे अंतर मुळी बदलतच नाही. तेथे छेदात शून्य येते, आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून उभ्या रेषेचा चढ सांगताच येत नाही. ही तांत्रिक वाटणारी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

वेठीचा चढ शून्य

आलेखाच्या दोन्ही अक्षांवर फूट असतील तर चढ हा निव्वळ आकडा असतो. अर्थशास्त्रात मात्र आडव्या अक्षावर एक गोष्ट आणि उभ्या अक्षावर दुसरीच गोष्ट असते. तेथे चढाला परिमाण येते. किलोला इतके रुपये, दिवसाला इतके रुपये, वर्षाला इतकी माणसे, ही सारी चढांचीच नावे होत. किंबहुना 'दर' हा आपल्या रोजच्या व्यवहारातला शब्द म्हणजे रेषेच्या चढाचेच दुसरे नाव आहे.

याचे आपल्या मातीतले उदाहरण ऐंशी वर्षांपूर्वीचे आहे. १९४५ साली, तलासरीचा परिसर ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात मोडत असताना, २३ मे रोजी झरी या गावी किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली एकत्र आले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी उभारलेल्या त्या लढ्याची पहिली हाक वेठ बंद करण्याची होती. त्यानंतरच्या गवतकापणीच्या हंगामात दुसरी मागणी पुढे आली. पाचशे पौंड गवत कापण्याबद्दल अडीच रुपये मिळावेत, ही ती मागणी. त्या ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात आदिवासी मारले गेले. हा इतिहास गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहून ठेवला आहे.

हा लढा आलेखावर मांडून पाहावा. आडव्या अक्षावर कापलेले गवत पौंडांत, उभ्या अक्षावर मिळालेली मजुरी रुपयांत. वेठीची रेषा कशी दिसेल? शून्य पौंडाला शून्य रुपये, शंभर पौंडांना शून्य रुपये, पाचशे पौंडांनाही शून्यच. ही रेषा आडव्या अक्षावरच पहुडलेली आहे. तिचा चढ शून्य. माणसाने कितीही राबावे, त्याच्या पदरात काडीचीही भर पडू नये, ही वेठीची गणिती व्याख्या म्हणता येईल. आता मागणीची रेषा काढू. शून्य पौंडाला शून्य रुपये आणि पाचशे पौंडांना अडीच रुपये. अडीच भागिले पाचशे, म्हणजे पौंडाला ०.००५ रुपये. तेव्हाच्या रुपयात १९२ पै होत्या. त्या हिशेबाने हा दर पौंडाला जेमतेम एक पै एवढा पडतो. एका पैच्या चढासाठी माणसांनी प्राण दिले. तो आकडा फळ्यावर काढला की वर्गात पुन्हा शांतता पसरते, पण ती वेगळ्या जातीची असते.

दोन बिंदूंमधले काय?

चढाच्या हिशेबात एक धोकाही दडलेला असतो. तो म्हणजे दोन बिंदूंमधला चढ ही सरासरी असते. मधल्या वळणांविषयी तो काही बोलत नाही. रोजगार हमीच्या मजुरीचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रासाठी केंद्राने अधिसूचित केलेला हा दर २०१४-१५ साली १६८ रुपये होता आणि २०२५-२६ साली तो ३१२ रुपये झाला. अकरा वर्षांत १४४ रुपयांची वाढ, म्हणजे वर्षाला सरासरी तेरा रुपये. पण प्रत्यक्षात २०१८-१९ मध्ये दर २०३ होता आणि पुढच्या वर्षी २०६ झाला, म्हणजे त्या वर्षीचा चढ अवघा तीन रुपये. त्याच्या पुढच्या वर्षी तो २३८ वर गेला, म्हणजे चढ बत्तीस रुपये. ज्याला सरकारची पाठ थोपटायची आहे तो दुसरा तुकडा दाखवील, ज्याला टीका करायची आहे तो पहिला दाखवील, आणि दोघांचेही आकडे खरे असतील. म्हणून आलेख समोर आला की वाचकाने तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या अक्षावर काय आहे? दोन बिंदू कोणी निवडले? अक्षावरचे माप कोठून सुरू होते? उभा अक्ष शून्याऐवजी दोनशेपासून सुरू केला आणि त्यावरची मापे ताणली, की टेकडीचाही सुळका दिसू लागतो.

याच काळातली दुसरी रेषा शेजारी काढून पाहू. अन्नसुरक्षा कायद्याची अंमलबजावणी राज्यात २०१४ साली सुरू झाली, तेव्हा प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये ठरली. काळाच्या अक्षावर ही मर्यादा वर्षानुवर्षे आडवीच राहिली. मजुरीच्या रेषेला चढ आहे, मर्यादेच्या रेषेला नाही. २०१४-१५ च्या दराने एखाद्या कुटुंबाने सगळे मिळून २६१ दिवस काम केले तर ४३,८४८ रुपये होत. तोवर ते मर्यादेच्या आत असे. २०२५-२६ च्या दराने १४१ दिवसांचे ४३,९९२ रुपये होतात, आणि १४२ व्या दिवशी तेच कुटुंब मर्यादा ओलांडते. नवराबायको दोघांनी एकाहत्तर-एकाहत्तर दिवस काम केले की कागदोपत्री ते कुटुंब गरीब राहत नाही. अशी मजुरी मोजून कोणी लगेच शिधापत्रिका काढून घेतो असे नव्हे. पण नियमाची तलवार डोक्यावर राहते, आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर खरा आकडा लिहिण्याची हिंमत कोणाला होत नाही. जो नियम पाळता येत नाही तो माणसाला खोटे बोलावयास शिकवतो.

कड्यावरची मुलगी

आता उभ्या रेषेकडे वळू. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात तलासरीच्या एका पाड्यावरून येणारी एक विद्यार्थिनी होती. तिचे वडील सीमेपलीकडे गुजरातेत एका कारखान्यात कामाला जात. दिवाळीच्या आधी जादा पाळ्या मिळाल्या, त्या त्यांनी केल्या. वर्षअखेर दाखल्यावरचे उत्पन्न अडीच लाखांच्या वर चार हजार रुपये गेले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जमातीच्या पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा २०१३-१४ साली अडीच लाख रुपये झाली आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ ती तेथेच होती. मर्यादेबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्कमाफीचा काही आधार असतो. पण निर्वाहभत्ता गेला. वडिलांनी जादा कमावलेल्या चार हजारांपेक्षा गेलेली रक्कम मोठी होती. मुलगी एके दिवशी तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "सर, बाबांनी जादा पाळी केली, ही त्यांची चूक झाली का?"

मी तिला फळ्यावर आलेख काढावयास सांगितले. आडव्या अक्षावर कुटुंबाचे उत्पन्न, उभ्या अक्षावर मिळणारे साहाय्य. अडीच लाखांपर्यंत रेषा आडवी गेली. अडीच लाखांवर खडू सरळ खाली आला. तिने क्षणभर त्या उभ्या रेषेकडे पाहिले आणि म्हणाली, "सर, इथे चढ काढता येत नाही. खाली शून्य येतं." दहावीला पाठ केलेल्या सूत्राचा अर्थ तिला त्या दिवशी कळला. मलाही तो आजवर एवढा स्पष्ट दिसला नव्हता. ज्या नियमाचा चढ सांगता येत नाही, तो नियम म्हणजे कडा होय. आणि कड्यावरून माणूस उतरत नाही, पडतो.

सरकारला याहून वेगळे काही करता येणे शक्यच नाही, असे कोणी म्हणेल. परंतु सरकारला ते येते, आणि सरकार ते करते. फक्त कोणासाठी, एवढेच पाहावयाचे. प्राप्तिकराच्या टप्प्यांचे उदाहरण घ्या. पगार वाढून पुढच्या टप्प्यात गेलो तर सगळ्याच उत्पन्नावर चढ्या दराने कर बसेल आणि हातात येणारी रक्कम उलट घटेल, अशी भीती कचेरीतले अनेक कारकून बाळगतात. ही भीती अनाठायी आहे. वाढीव दर फक्त टप्प्यापलीकडच्या रुपयांना लागतो. टप्प्यावर कराच्या रेषेचा चढ बदलतो, रेषा तुटत नाही. अर्थशास्त्रात ज्याला सीमांत दर म्हणतात तो हाच चढ. संपूर्ण उत्पन्नाला भागून येणारा सरासरी दर त्याहून निराळा असतो.

जेथे रेषा खरोखर तुटण्याचा प्रसंग येतो, तेथे कायद्याने काय केले आहे पाहा. पन्नास लाखांहून अधिक उत्पन्न असणाऱ्याच्या करावर दहा टक्के अधिभार लागतो. नुसता हाच नियम असता तर पन्नास लाखांवर एक रुपया मिळवणाऱ्याला एक लाखाहून अधिक रुपये जादा भरावे लागले असते. हा अन्याय होईल हे कायदा करणाऱ्यांना कळले, आणि त्यांनी 'सीमांत सवलत' नावाची तरतूद केली. तिचा सारांश असा की, मर्यादेपलीकडे जेवढे उत्पन्न वाढले त्याहून अधिक जादा कर घ्यावयाचा नाही. उपकराचा हिशेब बाजूला ठेवला, तर त्या पट्ट्यात कराच्या रेषेचा चढ जास्तीत जास्त एक एवढाच राहतो. कड्याच्या जागी पंचेचाळीस अंशांचा उतार आला. पन्नास लाखांवरच्या गृहस्थासाठी ज्या राज्यव्यवस्थेला हा उतार सुचला, तिला अडीच लाखांवरच्या कामगारासाठी तो सुचू नये, हे बुद्धीचे दारिद्र्य नव्हे. लक्ष कोणाकडे आहे, याचा तो पुरावा आहे.

कड्याच्या जागी उतार

मागणी साधी आहे. उत्पन्नाच्या मर्यादेवर सवलत एकदम तोडू नये, ती उतरती करावी. समजा, एखादे साहाय्य वर्षाला दहा हजार रुपयांचे आहे. अडीच लाखांपर्यंत ते पूर्ण द्यावे, आणि त्यापुढे मिळवलेल्या प्रत्येक रुपयामागे दहा पैसे कमी करत जावे. या रेषेचा चढ उणे ०.१ झाला. दहा हजारांना ०.१ ने भागले की एक लाख येतात, म्हणजे साडेतीन लाखांवर साहाय्य शून्य होईल. चार हजार जादा मिळवणाऱ्या बापाच्या मुलीचे चारशे रुपये कमी होतील आणि छत्तीसशे रुपये घरात राहतील. 'चूक झाली का?' हा प्रश्न तिला पडणार नाही.

यावर काही आक्षेप निघतील. पहिला खर्चाचा. खर्च वाढेल हे मान्यच केले पाहिजे. पण तो किती वाढावा हे चढ निवडण्यावर अवलंबून आहे. रुपयामागे दहा पैशांऐवजी पन्नास पैसे कमी केले तर साहाय्य दोन लाख सत्तर हजारांवरच संपते, आणि खर्च बराच आटोक्यात राहतो. मात्र मग जादा कमाईचा अर्धा भाग हातून जातो. उतार सौम्य तर तिजोरीवर भार, उतार तीव्र तर कष्टावर भार. या दोहोंचा मेळ कोठे घालावयाचा हा धोरणाचा प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा विधिमंडळात व्हावयास हवी. शिवाय एकाच कुटुंबाच्या अनेक सवलती एकाच वेळी उतरू लागल्या तर त्यांच्या चढांची बेरीज होते, आणि ती बेरीज रुपयाच्या वर जाता कामा नये, हे पथ्यही पाळले पाहिजे.

दुसरा आक्षेप कारभाराचा. एवढा हिशेब कोण करणार? शिष्यवृत्तीचे अर्ज आता महाडीबीटीच्या संगणकावर भरले जातात. एक वजाबाकी आणि एक गुणाकार संगणकाला जड नाही. दाखल्यावरच्या उत्पन्नाच्या खरेपणाची अडचण राहीलच. पण ती आजही आहे, आणि कड्यामुळे ती अधिक बिकट झाली आहे. चार हजार लपवून दहा हजार वाचत असतील तर माणूस लपवील. चार हजार लपवून चारशेच वाचत असतील तर त्या लपवाछपवीत त्याला तितकेसे हशील वाटणार नाही.

तिसरा आक्षेप असा की, अडीच लाखांच्या आसपासची कुटुंबे म्हणजे आदिवासींमधली सुस्थित कुटुंबे. खऱ्या गरिबांचा विचार आधी करावा. हा आक्षेप वरवर न्यायाचा वाटतो. पण महिन्याला एकवीस हजारांत पाच माणसे पोसणाऱ्याला सुस्थित म्हणणे धाडसाचे आहे. त्यातून ही कुटुंबे म्हणजे पाड्यावरून चढणीला लागलेली पहिली पिढी. तीच कड्यावरून घसरली तर मागून येणाऱ्यांनी काय बोध घ्यावा? आणि खऱ्या गरिबांचा प्रश्न दुसऱ्या रेषेचा आहे. मर्यादा वर्षानुवर्षे आडवी ठेवू नये, तिला महागाईच्या निर्देशांकाबरोबर चढ द्यावा. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता निर्देशांकाबरोबर वाढतो, याचा लाभ प्रस्तुत लेखकासह या पानाचे पुष्कळ वाचक घेत असतात. आपल्या पगाराच्या रेषेला जो चढ न्याय्य वाटतो, तो मजुराच्या मर्यादेच्या रेषेला का नसावा, याचे उत्तर आपल्याला देता आले पाहिजे.

राहता राहिला प्रश्न शाळेचा. गणिताच्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे की, 'रेषेचा चढ काढा' या प्रश्नाला 'आणि त्याचा अर्थ एका वाक्यात लिहा' एवढी पुस्ती जोडावी. उदाहरणे पुस्तकातून घेऊ नयेत, गावातून घ्यावीत. वरकस जमिनीचा उतार, शिधावाटप दुकानातला दर, बागेतली चिकू तोडण्याची मजुरी, बसचे भाडे आणि अंतर, यांपैकी काहीही चालेल. तहसील कचेरीतल्या कारकून मित्रांना विनंती अशी की, नियम त्यांनी केलेला नसला तरी त्याचा कडा सर्वप्रथम त्यांनाच दिसतो. मर्यादेवर थोडक्याने बाद झालेल्या अर्जांची नोंद त्यांनी वरिष्ठांपुढे ठेवावी. कोणी तरी ते आकडे मांडल्याशिवाय आलेख निघणार नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाला त्या दिवशी मी उत्तर दिले, "नाही, तुझ्या बाबांची चूक नाही. रेषा काढणाऱ्याची आहे." ती पदवीधर झाली, हे तिच्या जिद्दीचे आणि तिच्या वडिलांच्या पाळ्यांचे फळ. नियमाचे त्यात काही श्रेय नाही. १९४५ साली या मातीतल्या माणसांनी आडव्या रेषेला चढ मागितला होता. आज त्यांची नातवंडे उभ्या रेषेला उतार मागत आहेत. मागणी तेव्हा एका पैची होती, आज ती रुपयामागे दहा पैशांची आहे. ती मान्य करावयास फार मोठी तिजोरी लागत नाही, फक्त दहावीच्या पुस्तकातले ते प्रकरण नीट समजलेले असावे लागते.